सल्ला हवा : शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन कोणता घ्यावा, आणि मन मोकळे करायला कोणी भेटेल का? (सांगली)

धाकटी जाऊ, विश्रामबाग
माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या (वय 54) कर्करोगामुळे डावा स्तन काढण्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. जखम पूर्ण भरली आहे, केमोच्या दोन खेपा बाकी आहेत. दुखण्याची त्यांची तक्रार नाही, पण पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतल्याशिवाय त्या दूधवाल्यासमोरही येत नाहीत. तीन हजारांच्या आत, ब्रामध्ये ठेवायचा बरा कृत्रिम स्तन मिळेल का? आणि यातून गेलेल्या एखाद्या बाईशी त्यांची गाठ कशी घालून द्यावी? बजेट वाढवता येणार नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

मिरज जंक्शन
डोळे झाकून सिलिकॉनचा घ्या. पत्नीसाठी आम्ही पुण्याहून नऊ हजारांना आणला. त्याला वजन असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा तोल राहतो आणि खांदा अवघडत नाही. स्पंजचा घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

धाकटी जाऊ
भाऊ, नऊ हजार तीन हजारांत कसे बसवायचे?

कृष्णाकाठची
माझी शस्त्रक्रिया 2016 सालची. सिलिकॉनचा मीही घेतला होता. एप्रिलच्या घामाने त्याखाली पुरळ उठले आणि आता तो लग्नकार्यापुरताच डब्यातून बाहेर निघतो. पण सगळे छातीचेच बोलत आहेत, हाताचे कोणी विचारत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला पुढे कधीही सूज येऊ शकते. माझी अंगठी एका संध्याकाळी साबण लावूनही निघेना. लोणच्याच्या गडबडीत मी महिनाभर दुर्लक्ष केले आणि ती सूज आजही पूर्ण उतरलेली नाही. सुजेसाठी हातावर चढवायची घट्ट, दाबाची स्लीव्ह मी अंदाजाने आणली, ती मनगटाला काचून पंजाच फुगला. माप फिजिओथेरपिस्टकडूनच घ्यावे, आणि भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून रोज करावा.

वाळव्याची सून
कृष्णाकाठच्या ताईंचे अगदी बरोबर आहे, हात जपावा. मात्र रुग्णांच्या व्हॉट्सअॅप गटात जाऊबाईंना घालू नका. मी ज्या गटात होते तिथे सकाळी सुविचार, दुपारी लक्ष्मणफळाच्या काढ्याचा आग्रह, आणि एके रात्री अकरा वाजता गटातलीच एक बाई गेल्याची बातमी. त्या रात्री मला झोप लागली नाही, सकाळी गट सोडला. असले काढे केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

निवृत्त मास्तर, वाई
गटाचा अनुभव वाईट आला म्हणून भेटीची कल्पना टाकाऊ ठरत नाही. अमेरिकेत तेरीज लासर यांनी 1952 मध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला, त्यात शस्त्रक्रिया झालेली बाईच नव्या रुग्णाला भेटायला जाते. रुग्णालयातील समाजसेवक किंवा समुपदेशक असतील तर त्यांना अशी बाई विचारावी. मात्र जाऊबाईंच्या होकाराशिवाय कोणालाही घरी आणू नये. आमच्याकडे नातेवाइकांनी न विचारता एका बाईंना आणले होते, आणि आमची ही तासभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मिरज जंक्शन
तपासणीला मुंबईस जात असाल तर रेल्वेचे सवलतीचे प्रमाणपत्र डॉक्टरांकडून अवश्य भरून घ्या. स्लीपरला रुग्णाचे भाडे पूर्ण माफ आणि सोबत्याला पाऊण सवलत असते. ते पैसे सिलिकॉनमध्ये घालता येतील.

धाकटी जाऊ
सर्वांची आभारी आहे. फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. बाकीचे मी जाऊबाईंना वाचून दाखवले. त्यांनी निमूट ऐकले आणि पाव किलो मोहरी मागितली. नातवाच्या बारशाला शिवतात तशी मोहरीची उशी, पण गोल, मऊ मलमलीची, वरून धुता येईल अशी खोळ घालून त्यांनी स्वतःच शिवली. ब्राच्या आतून कप्पा लावला, आरशासमोर उभ्या राहून दोनदा मोहरी कमीजास्त केली. गट नको आणि समुपदेशकही नको म्हणाल्या. केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर तासगावच्या एक बाई असतात, त्यांचा रोज चारला फोन येतो. काल दोघी अर्धा तास तोंडाच्या कडवट चवीवर आणि आमसुलावर बोलत होत्या. तीन हजार तसेच शिल्लक आहेत.

मिरज जंक्शन
मोहरी उष्ण असते. सिलिकॉनचाच घ्यायला हवा होता.