एसी घेण्याआधी गच्चीवर चढून बघा

अकोलेकर:
मंडळी, मे आला की घरोघरी एकच विषय: एसी घ्यायचा का? माझं ठाम मत आहे की वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी स्लॅबचा बंदोबस्त करावा. आमच्याकडे रात्री अकराला पंखा लावला तरी अंगावर झळाच यायच्या, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो. गेल्या मार्चमध्ये गच्ची घासून धुतली. कळीचा चुना भिजवून गाळला, त्यात पांढरं सिमेंट आणि फेविकॉल घालून दोन हात मारले. आता दुपारी तीनला तिथे अनवाणी उभं राहता येतं. शेजारच्या गच्चीवर पाऊल टेकवत नाही.

खाली वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. २०० वॅटचा कूलर १२ तास चालला तर अडीच युनिटही होत नाहीत. दीड टनाचा एसी आठ तासांत सहा-सात युनिट सहज घेतो. आपलं एरवीचंच बिल १०० युनिटच्या पुढे असेल तर ही सगळी भर बिलाच्या वरच्या दराच्या टप्प्यात पडते, आणि तिथला दर जवळपास दुप्पट आहे.

संध्या, नागपूर:
दादा, चुन्याचं पटलं, कूलरचं नाही. सासरे ७८ वर्षांचे आहेत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, त्यांना रात्रभर झोप लागायची नाही, सकाळी चक्कर यायची. कूलर खोली गार करतो, पण बाहेरचीच हवा आत घेतो. रात्रीही ती तापलेली असेल तर किती उतरवणार? शेवटी त्यांच्या एकाच खोलीत इन्व्हर्टर एसी बसवला. २६ वर ठेवतो, वर पंखा एकवर. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, म्हणून १८ वर लावून पांघरूण घेण्याची सवय आधी मोडावी. म्हाताऱ्या माणसाच्या झोपेपुढे मी युनिट मोजणार नाही.

डोंबिवलीकर:
इकडे कूलर घेऊन आम्ही पस्तावलो. हवा आधीच दमट. त्यात आणखी ओल. दोन दिवसांत गाद्यांना वास. आमची खरी बचत पंख्यांत झाली. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे दिवसरात्र चालतात, हिशेब करा.

वऱ्हाडी, बुलडाणा जिल्हा:
आणि पाणी? आमच्या भागात नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरायची म्हणजे १०० लिटर गेले. टँकरचे पैसे बिलात दिसत नाहीत म्हणून कूलर स्वस्त वाटतो.

अकोलेकर:
पाण्याचा मुद्दा मी धरलाच नव्हता, तो खरा आहे. पण ते पाणी फुकट जात नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता निघते. हवा कोरडी असेल तरच हे जमतं, म्हणून डोंबिवलीत नाही जमणार.

संध्याताई, बाबांसाठी एसी लावलात ते योग्यच केलंत, मीही तेच केलं असतं. फक्त त्या खोलीवरच्या स्लॅबला चुना मारा आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी बांधा. पडदा आतून लावला तर काच तापते आणि उष्णता आतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर एसीला काम कमी पडतं.

कूलरवाल्यांनो, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. खोली बंद करून बसलात तर अर्ध्या तासात चिकचिक होणारच. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचे डास असल्याच पाण्यात होतात.

संध्या, नागपूर:
ताटी बाहेरून बांधायचं करते. चुना पावसात टिकतो का?

अकोलेकर:
एका पावसाळ्यात बराच धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्ची ओली करून मारा. तापल्या स्लॅबवर मारलात तर पटकन सुकून भुकटी होते, हाताला पांढरं लागत राहतं. आमचा पहिला हात असाच वाया गेला होता.