नाकेबंदीनंतरही वाट रक्सौलचीच

२०१५ला भारत-नेपाळ सीमेवर झालेल्या नाकेबंदीनंतर नेपाळ चीनकडे वळला, असं म्हणतात. काठमांडूत तेव्हा गॅस सिलिंडर अर्धेच भरून मिळत होते, राग येणारच. २०१६ला चीनशी वाहतूक करार झालाही, पण मध्ये हिमालय आहे हो! समुद्रमार्गे येणारा बहुतेक माल अजून कोलकाता-हल्दियालाच उतरतो आणि बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलमार्गे नेपाळात जातो. उलट २०१९मध्ये बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजला जाणारी पाइपलाइन सुरू झाली, म्हणजे डिझेलची दोरी आणखी घट्ट.

पण नेपाळही कच्च्या गुरूचा चेला नाही. सोयाबीन फारसं न पिकवता बाहेरून कच्चं सोयातेल आणायचं, शुद्ध करायचं आणि शुल्कमाफीत भारतात विकायचं. आपले तेलगिरणीवाले कुरकुरतात ते उगाच नाही.