अनुभव धागा : आपली टीम बाहेर पडली, आता प्लेऑफमध्ये बाजू कुणाची?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ३२ पैकी १४ टीम प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) जातात. म्हणजे जानेवारीत निम्म्याहून जास्त चाहत्यांची टीम घरी बसलेली असते. अशा वेळी तुम्ही बाजू कशी ठरवता? नुसतं नाव नको, कारणासकट लिहा.

एडिसन, न्यू जर्सी
आधी सीडिंग (प्लेऑफमधले नंबर) समजून घ्या. लीगच्या दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार डिव्हिजन (गट). प्रत्येक कॉन्फरन्समधून सात टीम येतात: डिव्हिजन जिंकणाऱ्या चौघींना १ ते ४ नंबर, वाईल्ड कार्डवाल्यांना (डिव्हिजन न जिंकता चांगल्या कामगिरीवर आलेल्यांना) ५ ते ७. पहिल्या आठवड्यात १ नंबरला सुट्टी. बाकी २-७, ३-६, ४-५ अशा लढती. लोक गडबडतात ते यापुढे. फुटबॉल वर्ल्ड कपसारखा इथला तक्ता आधीपासून ठरलेला नसतो. उरलेल्यांपैकी सगळ्यात खालच्या नंबरची (म्हणजे आकडा सगळ्यात मोठा असलेली) टीम १ नंबरच्या घरी जाते. त्यामुळे १ नंबरच्या पाठीशी असाल, तर पहिल्या आठवड्यात ७ नंबर जिंकलेला बरा. ६ नंबरवाल्यांनाही तेच हवं असतं, नाहीतर १ नंबरच्या मैदानावर त्यांनाच जावं लागतं.

शिकागो
ड्राफ्टकडे (नवे खेळाडू निवडण्याच्या क्रमाकडे) बघा. प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यांना १९ ते २४ नंबरची निवड मिळते, सुपर बोल (अंतिम सामना) जिंकणाऱ्याला ३२ वी. आपल्या टीमकडे ट्रेडमधून दुसऱ्या कुणाची ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची निवड आली असेल, तर ती टीम लवकर हरणं आपल्या फायद्याचं. लायन्सनी त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) स्टॅफर्ड रॅम्सना दिला, तेव्हा बदल्यात रॅम्सच्या पहिल्या फेरीच्या दोन निवडीही मिळाल्या होत्या. रॅम्सनी २०२१ चा सीझन जिंकला आणि पहिली निवड ३२ वर गेली. पुढच्या वर्षी रॅम्स ५-१२ वर (५ विजय, १२ पराभव) घसरले आणि दुसरी थेट ६ वर आली.

ह्यूस्टन
ज्यांनी कधीच जिंकलं नाही, त्यांच्या बाजूनं. १२ टीमच्या खात्यात एकही सुपर बोल नाही. त्यांतल्या ब्राउन्स, लायन्स, जॅग्वार्स आणि टेक्सन्स तर तिथवर पोचलेल्याच नाहीत. बिल्स १९९० ते १९९३ सलग चार सीझन अंतिम सामन्यात हरले. बिल्सच्या बफेलो शहरातले लोक तरीही बर्फ उपसून स्टेडियममध्ये येतात; त्यांना एकदा तरी मिळायलाच हवा.

सॅन होजे
बाजू मॅचआधीच्या शेवटच्या इंज्युरी रिपोर्टनंतर (जखमी खेळाडूंच्या यादीनंतर) ठरवा. 'क्वेश्चनेबल' म्हणजे खेळेल की नाही ते नक्की नाही, 'डाउटफुल' असलेला बहुधा खेळत नाही. पक्की यादी मॅचच्या ९० मिनिटं आधी येते. सगळे क्वार्टरबॅकचं नाव शोधतात. मी आधी लेफ्ट टॅकल (डाव्या बाजूनं येणाऱ्यांना अडवणारा) बघतो. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ तोच राखतो. तो नसला की बॉल घाईघाईत सुटतो, सॅक (बॉल फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) वाढतात, आणि मग रिसीव्हर (बॉल झेलणारे) कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. वाईल्ड कार्डवाल्यांना कमी लेखू नका. २०१० च्या सीझनला पॅकर्स ६ नंबरवरून जिंकले, २०२० ला बक्स (टॅम्पा बे बकानियर्स) ५ वरून.

पुणे
इथून बघणाऱ्यांसाठी वेळ महत्त्वाची. दोन्ही कॉन्फरन्सच्या फायनल एकाच रात्री असतात: पहिली साधारण दीडला, दुसरी पहाटे पाचला. सुपर बोलही सोमवारी पहाटे पाचलाच. ऑफिस असेल तर पाचची मॅच धरा आणि तिच्यातली टीम निवडा. बघितलेल्या टीमशीच जीव जडतो.

एडिसन, न्यू जर्सी
एक राहिलं. आपल्या डिव्हिजनमधली टीम कितीही छान खेळत असो, तिची बाजू घ्यायची नाही. पुढच्या सीझनला तिच्याशी दोनदा गाठ आहे.