डायपर गळतंय? मापाचे, बसवण्याचे, रात्रीचे अनुभव इथे लिहा

मृदुला_म
बाळंतविड्याची यादी चालली होती. कोणीतरी लिहिलं 'डायपर, एक पाकीट' आणि ओल्या गाद्या, सारखी बदलायची दुपटी, सगळं आठवलं. एक पाकीट, पण कुठल्या मापाचं? म्हणून हा धागा.

गळायला लागलं की बहुतेकजण आधी कंपनी बदलतात. त्याआधी कुठून गळतंय ते बघा.

मांडीच्या कडेने येत असेल तर तिथे फट आहे, नाहीतर आतली झालर दुमडून आत गेलीय. पातळ शी पाठीवर चढत असेल तर माप लहान पडतंय किंवा मागची बाजू खाली घसरलीय. पोटाकडून ओलं आणि बाळ मुलगा असेल तर शूची दिशा वर राहिलीय, घालताना ती खाली करायची. डायपर सगळीकडून फुगून जड झालाय आणि मग पहाटे गळतोय, एवढ्या एकाच बाबतीत शोषण कमी पडलं म्हणता येईल.

माप: पाकिटावर साधारण एस ४-८ किलो, एम ७-१२, एल ९-१४, एक्सएल १२-१७ असं असतं. आकडे एकमेकांत घुसलेत, म्हणजे १० किलोचं बाळ एम मध्येही बसतं आणि एल मध्येही. तिथे वजन सोडा आणि मांड्या-पोट बघा. गुबगुबीत मांड्यांना वरचं माप, लांब-सडपातळ बाळाला खालचं.

बसलाय की नाही ते बाळाला बसवून बघायचं, झोपवून नाही. बसल्यावर पोट पुढे येतं आणि कंबर बदलते. कमरेत दोन बोटं सहज जावीत, मांडीशी एक. काढल्यावर फिकट वळ दिसला आणि थोड्या वेळात गेला तर ठीक. खोल लाल वळ राहिला तर पाकीट संपायची वाट बघू नका, वरच्या मापाला जा.

श्वेता_डी
झालरीचं लिहिलंत ते बरं केलंत!! निम्मी गळती तिथलीच. मांडीच्या इलॅस्टिकच्या आत अजून एक उभी पातळ झालर असते, तीच खरा बांध. घातल्यावर दोन्ही जांघांमधून एक बोट गोल फिरवायचं आणि सगळी किनार बाहेर काढायची. पँटवाल्यातही (चड्डीसारखा चढवायचा तो) करायचं. पाच सेकंदांचं काम, पण बाळ पाय झाडत असतं म्हणून राहून जातं

काकू_सातारकर
आमच्या वेळी लंगोट आणि खाली मेणकापड, गळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सगळंच गळायचं 😄

मृदुला_म
काकू 😂😂

अनिकेत०७
थोडं तांत्रिक. आत कागदाच्या लगद्याबरोबर जेलची पावडर असते, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. नुसतं पाणी ती प्रचंड पिते, पण खारं पाणी त्यामानाने फारच कमी. आणि शू खारट. त्यामुळे घरी नळाचं पाणी ओतून 'बघा किती धरतं' ही परीक्षा फसवी.

दोन कंपन्यांची तुलना करायचीच तर लीटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ (साधारण दीड छोटा चमचा). डायपर सपाट पसरा, मध्ये ६० मिली ओता, ५ मिनिटं थांबा. असं तीनदा. मग वर कोरडा टिश्यू आणि त्यावर किलोभर डाळीचं पाकीट, अर्धा मिनिट. टिश्यू ज्याचा कमी भिजेल तो चांगला. पाणी किती वेळात आत गेलं तेही बघा. वर तळं साचून राहिलं तर तेच पाणी बाळाच्या मांडीवरून बाहेर येणार, मग डायपरच्या पोटात दोन लीटर धरायची ताकद असली तरी उपयोग नाही.

पूर्वा
नवजाताला टेपवाले की पँटवाले? सासूबाई पँट म्हणतात, आई टेप म्हणते. मध्ये मी.

श्वेता_डी
@पूर्वा पालथं पडायला लागेपर्यंत टेप. पाय न उचलता उघडून बघता येतं, आणि नाळ पडेपर्यंत पुढची कड खाली दुमडून नाळ मोकळी ठेवता येते. पालथं पडायला, रांगायला लागलं की पँट, कारण तेव्हा टेप लावेपर्यंत बाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतं.
टेप लावताना मागची कड पुढच्यापेक्षा किंचित वर घ्या, दोन्ही टेप सारख्या अंतरावर. एक घट्ट एक सैल झालं की सैल बाजूची मांडी गळणार. आणि एनबीची (न्यूबॉर्न, सगळ्यात लहान माप) मोठी पाकिटं भरून ठेवू नका. ५ किलो कधी होतात कळत नाही.

रोहिणी_कोल्हापूर
तेलाचं कोणीच लिहिलं नाही! मालीश-अंघोळीनंतर अंगावर तेल तसंच असतं. बायकांनो, तेलाचा हात टेपला किंवा समोरच्या पट्टीला लागला की टेप धरत नाही, तासाभरात सुटतो. आधी हात पुसा. आणि खोबरेल किंवा रॅशचं जाड क्रीम ढुंगणाला थापलं की ते डायपरच्या वरच्या पापुद्र्यावर लागतं, शू आत मुरायला वेळ लागतो आणि कडेने वाहते. क्रीम पातळ थरात आणि ते लावल्यावर लगेच डायपर चढवू नये, दोन-चार मिनिटं उघडं ठेवावं. पावडर तर नकोच, घड्यांत गोळे होतात आणि बाळाच्या नाकातोंडात जाते.

काकू_सातारकर
करदोट्याचं पण सांगा गं. करदोटा डायपरच्या वर काढायचा. इलॅस्टिकखाली अडकला की गाठ रुतते आणि कड नीट टेकत नाही.

रोहिणी_कोल्हापूर
काकू शंभर टक्के. झबल्याचं टोकही तसंच, कमरेत आत खोचलं गेलं की वातीसारखं ओल वर ओढतं. झबलं वरपर्यंत भिजलेलं, डायपर मात्र अर्धा कोरडा. अशा वेळी बिचाऱ्या डायपरला शिव्या पडतात.

मी_बाबा
रात्रीसाठी काय करता लोकहो? पहाटे ४ ला चादर बदलणे हा माझा व्यायाम झालाय

अनिकेत०७
१. शेवटचं दूध पाजायच्या जरा आधी नाही, पाजल्यावर बदला, बाळ अगदी गाढ झोपलं नसेल तर. पाजताना हमखास शू होते.
२. दोन मापांच्या सीमेवर असाल तर फक्त रात्री वरचं माप. पण मांडीत फट दिसली तर नको, मोठं म्हणजे जास्त शोषतं हे फट नसेल तेव्हाच खरं.
३. एकावर एक दोन डायपर घालू नका. आतल्याला बाहेरून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो भरला की ओल बाहेरच्यात जातच नाही, कडेनेच येते. वेगळा पॅड टाकायचा तर खाली प्लॅस्टिक नसलेला.
४. कुशीवर झोपणारं बाळ असेल तर खालच्या बाजूची झालर झोपल्यावर परत एकदा बघा.

मी_बाबा
नंबर ३ लाच अडकलो होतो. धन्यवाद भाऊ 🙏

नीलाक्षी_लंडन
आजी-आजोबा इकडे येताना बॅगा भरून आणतात त्यांच्यासाठी: पाकिटावरचे इंग्रजी अक्षरांचे माप इथे चालत नाही, आकडे असतात. आणि आकडेही देशोदेशी वेगळे. अमेरिकेतला ३ नंबर साधारण ७ ते १३ किलो, इथला ३ नंबर ६ ते १० किलो. नंबर न सांगता किलो सांगा. खरंतर बॅगेत मेतकूट आणा, डायपर इथे मिळतात.

पूर्वा
मेतकूटाची पाककृती द्याल का कोणी? (सॉरी अवांतर)

काकू_सातारकर
@पूर्वा देते उद्या. डाळी भाजून घ्याव्या लागतात नीट.

तन्मयी
किती वेळाने बदलायचं? डायपरवर ओल दाखवणारी पिवळी पट्टी असते ती निळी-हिरवी झाली की लगेच?

श्वेता_डी
पट्टी पहिल्या शूलाच रंग बदलते, भरलाय असं नाही. शी असेल तर लगेच. नुसती शू असेल तर दिवसा ३-४ तासांनी. बाहेरून मध्यभाग दाबून बघा, टणक फुगलेला आणि खाली लोंबायला लागलाय म्हणजे बदला. लोंबला की मांडीशी फट पडते.
रॅशबद्दल एक: नेहमीचा रॅश उंचवट्यांवर असतो, जांघेच्या घड्या सुटतात. घड्यांतही लालभडक आणि आजूबाजूला बारीक ठिपके असतील तर बुरशीचा असू शकतो, क्रीम बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

रोहिणी_कोल्हापूर
अंगाला पारदर्शक मोत्यांसारखं काही चिकटलं तर घाबरू नका, आतलं जेल आहे. ओल्या फडक्याने निघतं. पण चुकून डायपर वॉशिंग मशीनमध्ये गेला तर 🙈 कपडे बाहेर वाळवून झटका, मग मिठाचं पाणी. मिठाने जेल आकसतं आणि निघतं.

अभय_पुणे
टाकताना: शी आधी संडासात, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच मागच्या टेपने बंद, मग वर्तमानपत्रात. पुण्यात पुडक्यावर लाल ठिपका काढतात, कचरा वेचणाऱ्या ताईंना उघडून बघायला लागू नये म्हणून. पँटवाला पायातून खाली ओढून काढू नका, दोन्ही बाजूंच्या शिवणी टरकवा. नाहीतर शी बाळाच्या घोट्यापर्यंत.

आणि किंमत पाकिटाची नाही, नगाची बघा. ६९९ ला ५६ म्हणजे साडेबारा रुपये नग. 'मोठी बचत' लिहिलेलं पाकीट नगाला महाग निघालेलं असतं कधीकधी.

तन्मयी
शेवटचा प्रश्न, पोहायला नेताना हाच चालतो का

अभय_पुणे
नाही, हा पाणी पिऊन विटेएवढा जड होईल. पोहण्याचा वेगळा मिळतो. पण तो फक्त शी अडवतो, शू नाही. त्यामुळे घरून घालून रिक्षात बसू नका, तलावावर गेल्यावरच चढवा.