मदत हवी आहे: बनवलेलं सॉफ्टवेअर सोर्स कोडसकट विकून टाकू का?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शनिवारी शेठना उत्तर द्यायचंय.

राहतो ठाण्यात, ऐरोलीची नोकरी दीड वर्षापूर्वी सोडली. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपसाठी जॉबवर्कचं सॉफ्टवेअर बनवलं, म्हणजे माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो त्याचं चलन, किती गेला, किती आला, किती स्क्रॅप, आणि १ वर्षात परत आला नाही तर जीएसटीत तो विकलाच असं धरतात ना, त्याची आधीच आठवण. पूर्वी हे सगळं एका वहीत असायचं आणि वही कळायची फक्त एका काकांना.

तीन महिने गेले, ६० हजार घेतले, कारण तास मोजले आणि जुन्या पगाराच्या हिशोबाने लावले (बायको म्हणाली याच्यापेक्षा रिक्षा चालव, असो). करारबिरार काही नाही, एक बिल आणि बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

आता शेठ म्हणतात सोर्स कोड आणि सगळे हक्क दे, २ लाख देतो. मोह होतोय, खोटं कशाला बोलू. पण त्याच गल्लीतल्या दोघांनी पण विचारलंय, आणि त्यांना द्यायला मला खर्च असा काहीच नाही, मग त्यांना लावू किती, २५ हजारात दिलं तर पहिला भडकणार, ६० सांगितले तर हे पळणार. हा २ लाखांचा आकडा बरोबर की चूक हे ठरवायचं कशावरून?

कोपरीकर: आधी हे बघ की हक्क तुझेच आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम येतो, तू त्यांच्या पगारावर नव्हतास, त्यामुळे वेगळं काही लिहून दिलं नसशील तर मालक तूच. बिल भरलं म्हणून त्यांना वापरायला मिळतं, मालकी नाही, ती लेखी आणि सहीनेच जाते. आणि लिहून देशीलच तर मुदत नीट बघ, मुदत घातली नाही तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत.

घणसोलीचा_बाळ्या: अरे तास मोजणं सोड आधी. तुझे तीन महिने पहिल्या कॉपीत गेले, दुसरी फुकट, पण दुसऱ्याचे फोन फुकट नाहीत भावा, रात्री साडेदहाला चलन प्रिंट होत नाही म्हणून येतात ते. म्हणून वर्षाचे पैसे घे, एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, किमतीच्या १५-२० टक्के बरेच जण लावतात.
१९८१ ला मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मिळून ७५ हजार डॉलरला उचलली, आणि आयबीएमला देताना मात्र बाकीच्यांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. तू त्या सिएटलवाल्याच्या जागी बसायला निघालायस. शेठना कोड कशाला हवाय ते एकदा विचार तरी.

धागाकर्ता: विचारलं काल, चहा पिताना. म्हणाले, "तू उद्या परत नोकरीला लागलास तर मी कुणाकडे जायचं?" म्हणजे विकायचं वगैरे डोक्यातच नाही त्यांच्या, मीच उगाच संशय घेत होतो. आणि सहज सांगून गेले की पहिल्याच महिन्यात प्लेटिंगवाल्याकडे अडकलेले ४० किलो पितळेचे पार्ट सापडले. हे मला आधी कळलं असतं तर ६० सांगितले असते का!

कोपरीकर: मग हक्क ठेव स्वतःकडे, कोडची एक प्रत त्यांच्या सीएकडे ठेव, तू काम बंद केलंस तरच उघडायची आणि फक्त स्वतःसाठी वापरायची, असं लिहून दे.

धागाकर्ता: हे पटलं. शेठना वर्षभर सपोर्ट फुकट, गल्लीतल्या दोघांना वर्षाला ३० हजार, असं सांगणार आहे. फक्त एक, मी तर दर पंधरा दिवसांनी काहीतरी बदलतो, मग सीएकडची प्रत नवीन कोण करणार आणि ती चालते का हे तपासणार कोण? कुणी प्रत्यक्ष केलंय का असं?