शिक्षकांचा किमान पगार थेट कायद्यातच लिहिला जावा का?

प्रश्न : शिक्षिका, विक्रोळी

शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत नेमणूक होऊन मी एका अनुदानित मराठी शाळेत शिक्षणसेवक (कायम होण्याआधी तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करणारी शिक्षिका) म्हणून रुजू झाले आणि आता माझे तिसरे वर्ष सुरू आहे. प्राथमिक विभागात आम्हाला महिना 16,000 रुपये मानधन मिळते. शेजारच्या वर्गावरील कायम बाईंची वेतनश्रेणी मात्र 29,200 पासून सुरू होते आणि महागाई भत्ता व घरभाडे भत्ता त्याहून वेगळे. पट सारखा, वह्या तपासणे सारखे आणि निवडणुकीचे कामही दोघींना सारखेच लागते. हे मानधन शासन निर्णयाने ठरते. 2023 मध्ये वाढ होण्यापूर्वी ते अवघे 6,000 रुपये होते. त्याच वर्षी अमेरिकेतील अर्कान्सास राज्याने सरकारी शाळांतील शिक्षकांचा किमान पगार कायद्याने वर्षाला 36,000 वरून 50,000 डॉलर केला. आपल्या विधिमंडळाला असे का करता येऊ नये? आणि किमान वेतनाचा कायदा आम्हाला लागू होतो का?

उत्तर 1 : वकील, फोर्ट

बाई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली (2025 मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली) शिक्षक येत नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हरियाणातील एका प्रकरणात ठरवले. त्याआधी 1988 मध्ये, औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'कामगार' नाही, असाही निकाल झाला होता. त्यामुळे आपला आधार वेगळा आहे : खासगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती विनियमन कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली, जिच्या अनुसूचीत वेतनश्रेण्या दिलेल्या आहेत.

कायद्यात रुपयांचा आकडा लिहिण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण महागाई वाढते आणि आकडा जिथल्या तिथे राहतो. तो बदलायचा तर प्रत्येक वेळी विधेयक आणावे लागेल. त्याऐवजी 'संबंधित पदाच्या वेतनश्रेणीतील पहिल्या टप्प्यापेक्षा कमी नाही' असे शब्द कायद्यात असावेत. सरकारी सेवेतील हंगामी कर्मचारी कायम कर्मचाऱ्याचेच काम करत असतील तर त्यांना नियमित वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये पंजाबच्या प्रकरणात म्हटले आहे. शिक्षणसेवकांसाठी विधिमंडळाने तेच तत्त्व स्वीकारावे.

उत्तर 2 : निवृत्त लिपिक, दादर

वकीलसाहेबांचे शब्द योग्य आहेत, पण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे. अनुदानित शाळेची पगारबिले शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतून जातात, त्यामुळे तिथे पगाराचा हिशेब लपत नाही. मी आधी एका विनाअनुदानित शाळेत होतो. तिथे शिक्षकांच्या खात्यावर श्रेणीप्रमाणे पूर्ण पगार जमा होई. परंतु महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून बँकेच्या पैसे काढण्याच्या स्लिपवर सही घेतलेली असे, रक्कम मागाहून भरली जाई आणि अर्ध्याहून अधिक पैसे संस्थेच्या कपाटात परत येत. त्या स्लिपांचा गठ्ठा रबरबँड लावून मीच ठेवत असे, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कागदावर त्या शाळेत नियमभंग झालाच नव्हता. कायद्यात किमान पगार लिहाल, तेव्हा परत घेतलेला पैसा हा गुन्हा ठरवा आणि तक्रार करणाऱ्या शिक्षकाला नोकरीचे संरक्षण द्या. शाळा न्यायाधिकरणात बडतर्फीविरुद्ध अपील करता येते, पण पगाराच्या तक्रारीसाठी शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

उत्तर 3 : माध्यमिक शिक्षक, बोरिवली (22 वर्षे सेवा)

अर्कान्सासचा दाखला अर्धाच घेऊ नये. तिथे वाढीसाठी राज्याने पैसा दिला, ही चांगली बाजू. पण अनुभवानुसार वाढणारी जुनी किमान वेतनसारणी त्याच कायद्याने काढून टाकली. ज्यांचा पगार आधीच 50,000 च्या आसपास होता, त्यांना किमान 2,000 डॉलरची वाढ मिळाली. परिणामी अनेक ठिकाणी नवा शिक्षक आणि पंधरा वर्षे शिकवलेला शिक्षक जवळजवळ एकाच पगारावर आले. आपल्याकडे दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ आहे. तळाची पातळी उचलताना ही शिडी मोडता कामा नये. नव्यांना आमच्याइतके मिळावे असे मला मनापासून वाटते, मात्र आमची पुढची पायरी काढून घेऊन नव्हे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे आभार. वेतनश्रेणीशी जोडलेले किमान, दिलेला पगार परत घेण्यावर बंदी आणि वेतनवाढीचे संरक्षण, असे तीन मुद्दे लिहून मी आमच्या विभागाच्या शिक्षक आमदारांना पत्र देणार आहे. वकीलसाहेब, मसुदा शनिवारी येथेच टाकते, दुरुस्त्या सुचवाव्यात.