पोरांची बोली पालकांनी शिकायची म्हणे!

खडूस काकू
परवा इथे धागा आला होता, 'मुलांशी जवळीक साधायची तर त्यांच्या बोलीतले हे चाळीस शब्द पाठ करा'. शेवटी वर गृहपाठ: रोज एक शब्द मुलांशी बोलताना वापरा! तिथे उत्तर द्यायला बसले, पण राग प्रतिसादात मावेना म्हणून हा वेगळा धागा.

एक तर त्या यादीतला निम्मा माल शिळा. 'रिझ', म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची हातोटी, हा ऑक्सफर्डने 2023 सालीच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. 'स्किबिडी' हा धड अर्थ नसलेला शब्द 2025 मध्ये केंब्रिजच्या कोशात जाऊन बसला. कोशात गेलेला शब्द पोरं कशाला तोंडात ठेवतील? आणि 'सिक्स-सेव्हन' म्हणजे म्हणे 'ठीकठाक'! अहो, एका रॅप गाण्यातून उचललेले आकडे आहेत ते. त्यांना अर्थ नाही, हीच तर सगळी गंमत. डिक्शनरी डॉट कॉमने तो 2025चा शब्द ठरवला, पण व्याख्या करताना त्यांनीही हात टेकले.

आपण तरी काय करत होतो? 'चलातु चळलंक चका?' असं धडाधड च-च्या भाषेत बोलायचो ते मोठ्यांना कळू नये म्हणूनच ना? आई मध्येच च-च्या भाषेत बोलली असती तर आम्ही दुसऱ्या दिवशी ट-ची भाषा काढली असती. कान उघडे ठेवा, समजून घ्या, कोण नको म्हणतंय? पण बोलू नका हो. चाळिशीतल्या बापाने 'नो कॅप' (खोटं नाही, खरंच) म्हटलं की पोरांचा चेहरा कसा होतो, बघितलाय मी.

निवांत
यादीवाला धागा माझाच. चेष्टा करणं सोपं असतं, काकू. माझ्या भाचीच्या मेसेजमध्ये 'अनअलाइव्ह' शब्द होता. ताईला वाटलं कुठल्या तरी गेमचं असेल, सोडून दिलं. तो मरणाबद्दलचा शब्द आहे. आत्महत्या, मृत्यू असले शब्द आले की व्हिडिओ दाबला जातो, म्हणून टिकटॉकवाल्यांनी ही पळवाट काढली आणि पोरांनी ती रोजच्या बोलण्यात आणली. भाची मैत्रिणीबद्दल लिहीत होती आणि ते गंभीर होतं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. आता म्हणा, यादी कशाला.

वर्गशिक्षक
निवांत यांच्याशी सहमत. नववीच्या वर्गात एकाला प्रश्न विचारला. त्याने ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट कानाखालून हनुवटीपर्यंत जबड्यावरून फिरवलं. वर्ग फुटला हसून. मला वाटलं दातदुखी. विचारलंसुद्धा, 'दाढ दुखतेय का रे?' मग तर विचारूच नका. ते 'म्यूइंग' होतं. जॉन म्यू नावाचे ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिस्ट, त्यांच्या आडनावावरून. जीभ टाळूला लावून ठेवली की जबडा रेखीव होतो असा समज. खुणेचा अर्थ, 'मी म्यूइंग करतोय, बोलू शकत नाही.'

हसून सोडलं असतं. पण असले दिसणं सुधारायचे उद्योग, ज्याला ही पोरं 'लुक्समॅक्सिंग' म्हणतात, तो शब्द इंटरनेटवर बायकांचा द्वेष करणाऱ्या मंडळींच्या अड्ड्यांवर वाढलेला आहे. बहुतेकांना ते माहीतही नसतं. म्हणून आपल्याला माहीत हवं.

खडूस काकू
सर, तुमचा विद्यार्थी तुमच्यापेक्षा हुशार निघाला, एवढंच दिसतंय. निवांत, 'अनअलाइव्ह'चं मान्य. घ्या, चाळिसातला एक शब्द तुमचा. पण ताईंनी भाचीला सरळ 'हे काय गं?' विचारलं असतं तर यादीवाचून कळलं नसतं का?

निवांत
भाची सरळ सांगत असती तर ताईला तिचे मेसेज वाचावे लागले असते का? घरात वाढती मुलं नसली की सल्ले सुचतात.

खडूस काकू
माझ्या घरात कोण आहे नि कोण नाही हा या धाग्याचा विषय नाही. आणि मुलीचे मेसेज चोरून वाचायचे, वर त्याला जवळीक म्हणायचं? धन्य आहे.

अर्धवट
भांडण चालू द्या, माझं वेगळंच दुखणं आहे. मुलाला मेसेज केला, 'ठीक आहे.' पोरगं संध्याकाळपर्यंत घुश्शात. कारण काय, तर शेवटी पूर्णविराम दिला. म्हणे 'बाबा, एवढं चिडायला काय झालं?' आता विरामचिन्हांचीही बोली शिकायची?

शुद्धलेखक
कठीण आहे. मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात मराठीला विरामचिन्हं लावून दिली, आपण ती पोरांच्या रुसव्यापायी सोडायची? माझी सून आठ-आठ ओळींचा मेसेज एका दमात पाठवते. 'आई आल्या नाहीत आल्या तर सांगा' याचा अर्थ काय लावायचा?

निवांत
2015 साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाने यावर प्रयोग केला होता. पूर्णविराम असलेली मेसेजमधली उत्तरं विद्यार्थ्यांना कमी मनापासूनची वाटली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही.

शुद्धलेखक
प्रयोग बियोग ठेवा बाजूला. माझ्या सुनेचं बोला.

भिंतीला कान
मी सोळा वर्षांची आहे, आईच्या आयडीवरून लिहितेय. काका, मेसेज पाठवला की वाक्य तिथेच संपतं. तरीही कोणी मुद्दाम टिंब दिलं की दार आपटल्यासारखं वाटतं. रागाचं टिंब आणि सवयीचं टिंब वेगळं कसं ओळखायचं? कवटीचा इमोजी म्हणजे हसून मेले, कोणी गेलं नाही. माझ्या आत्याने त्यावर 'कोण गेलं?' म्हणून फोन केला होता.

आणि यादीतले शब्द प्लीज बोलून दाखवू नका. माझे बाबा 'सिग्मा' (म्हणजे आपल्याच तोऱ्यातला भारी माणूस) म्हणाले, त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये तो शब्द कोणी वापरत नाही. विचारलं तर सांगते मी. फक्त सगळ्यांसमोर विचारू नका.

खडूस काकू
ऐका, निवांत!

निवांत
ऐकलं. 'विचारलं तर सांगते' हेही ऐकलं आणि 'सगळ्यांसमोर नको' हेही. गृहपाठ मागे घेतो, तुमच्या समाधानासाठी. यादी राहील.

शुद्धलेखक
ताई, पण पूर्णविराम नाही तर वाक्य संपलं हे वाचणाऱ्याला कळणार कसं? स्वल्पविरामाचं काय? उद्गारचिन्ह चालतं का?

भिंतीला कान
एक चालतं. तीन दिली की आजोबा वाटतं.

अर्धवट
मुलाला आत्ताच 'ठीक आहे' पाठवलं, टिंबाशिवाय. त्याचं उत्तर: 'बाबा बरे आहात ना'

शुद्धलेखक
बघा! प्रश्न विचारला, प्रश्नचिन्ह नाही!!!